वेबसाइटच्या कॉन्फिग फाइलींचा आपोआप बॅकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसातून आम्ही कोल्हापूर, इचलकरंजी, हुपरी भागातल्या व्यापाऱ्यांच्या, कारखान्यांच्या आणि क्लासेसच्या वेबसाइट सांभाळतो. अडचणीचे फोन बहुतेक सकाळी दुकान उघडायच्या वेळी येतात. "साहेब, साइट उघडंना झालीया. पांढरं फटक पान येतंय नुसतं." बघायला गेलं तर बऱ्याचदा फोटो, मजकूर, ऑर्डरी सगळं जागच्या जागी असतं. बिघडलेली असते ती चार केबीची एखादी सेटिंगची फाइल. तिची कालची प्रत हाताशी असेल तर साइट पाच मिनिटांत उभी राहते. नसेल तर दोन-दोन दिवस जातात. त्या फोनांवर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

कॉन्फिग फाइल म्हणजे नेमकं काय?

उद्यमनगरातल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. कास्टिंग (ओतीव भाग) फुटलं तर दुसरं ओतता येतं, ज्यावरून साचा करतात तो पॅटर्न हरवला तर सगळं पहिल्यापासून. वेबसाइटवरचे फोटो आणि मजकूर म्हणजे माल. तो माल कुठून उचलायचा, कुठल्या पत्त्यावर दाखवायचा, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ज्या फाइलींत लिहिलेलं असतं त्या कॉन्फिग फाइली.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर सगळ्यांत मोलाची फाइल म्हणजे डब्ल्यूपी-कॉन्फिग. उघडून पाहिलीत तर शंभरएक ओळी दिसतील, त्यातल्या निम्म्या तर नुसत्या सूचना. कामाच्या ओळी मोजक्या: डेटाबेसचं (मजकूर, ऑर्डरी साठतात त्या कोठाराचं) नाव, त्याचा युजर, त्याचा पासवर्ड, डेटाबेस कुठल्या मशीनवर आहे ते, टेबलांच्या नावाआधी लागणारी अक्षरं, आणि लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या आठ लांबलचक ओळी. पासवर्डातलं एक अक्षर चुकलं की डेटाबेसशी संपर्क होत नाही असा संदेश येतो. एखादं अवतरणचिन्ह चुकून पुसलं गेलं तर तेवढाही संदेश येईलच असं नाही.

तिच्या शेजारीच एचटीअ‍ॅक्सेस नावाची फाइल असते. तिच्या नावाची सुरुवात टिंबाने होते, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडल्याशिवाय ती दिसतच नाही, आणि हाताने कॉपी करताना हमखास मागे राहते. जुन्या पानावर आलेल्या गिऱ्हाइकाला नव्या पानावर पाठवायचे नियम तिच्यात असतात. शिवाय किती एमबीचा फोटो चढवता येईल वगैरे ठरवणारी पीएचपीची फाइल. स्वतःचा सर्व्हर असेल तर इटीसी फोल्डरमधली अपाचे किंवा एन्जिनएक्सची (साइटची पानं वाचकाला पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची) सगळी सेटिंग, साइट सुरक्षित असल्याची खूण देणारं एसएसएल सर्टिफिकेटचं फोल्डर आणि क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी. क्रॉनची यादी लोक सर्रास विसरतात. बॅकअप घेणारी ओळ ज्या यादीत आहे त्या यादीचाच बॅकअप नसतो.

होस्टिंगवाले बॅकअप घेतातच की. मग आपण वेगळा कशाला घ्यायचा?

साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली असते ते होस्टिंगवाले बॅकअप घेतात, आणि ते चांगलंच आहे. पण करारातली बारीक अक्षरं एकदा वाचा. डेटा सांभाळायची अंतिम जबाबदारी ग्राहकाची, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आढळेल.

आमच्या एका ग्राहकाचं होस्टिंगचं खातं मुदत संपून बंद पडलं, कारण नूतनीकरणाचे मेल कुणीच न बघणाऱ्या जुन्या पत्त्यावर जात होते. बॅकअप होता. रोजचा होता. पण तो त्याच खात्याच्या आत होता. खातं उघडत नाही म्हटल्यावर बॅकअपही उघडत नाही. पैसे भरून, कागदपत्रं पाठवून खातं परत सुरू होईपर्यंत चार दिवस गेले आणि ते चार दिवस नेमके लग्नसराईतले होते.

मोठं उदाहरण हवं असेल तर १० मार्च २०२१ चं घ्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची साइट आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही एकाच रात्रीत गेलं. होस्टिंगवाल्यांचा बॅकअप असू द्या, पण तो एकुलता एक असू देऊ नका.

बॅकअपचं प्लगइन लावलंय. तेवढं पुरे ना?

प्लगइन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं साधन. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते नेमकं काय उचलतंय ते बघा. बरीच मोफत प्लगइन डेटाबेस, थीम, प्लगइन आणि चढवलेले फोटो घेतात. डब्ल्यूपी-कॉन्फिग आणि एचटीअ‍ॅक्सेस या दोन फाइली त्यांच्या फोल्डरच्या बाहेर असतात, म्हणून सुटतात. आणखी एक गोष्ट: प्लगइन चालायला वर्डप्रेस चालू असावं लागतं. कॉन्फिग बिघडून वर्डप्रेसच बंद पडलं, तर बॅकअप परत आणणारं बटणही त्याच बंद घरात.

सेटिंग आम्ही वर्षातून एकदा बदलतो. रोज बॅकअप कशाला?

तुम्ही वर्षातून एकदा बदलता, पण फाइल बदलणारे तुम्ही एकटे नसता. साइट वेगाने उघडावी म्हणून लावलेलं कॅशचं प्लगइन डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये स्वतःची ओळ घालतं. सुरक्षेचं प्लगइन एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियम लिहितं आणि काढून टाकलं तरी काही ओळी मागे ठेवतं. होस्टिंगवाले पीएचपीची आवृत्ती बदलतात तेव्हा कंट्रोल पॅनेल त्याच फाइलीत हात घालतं. सर्टिफिकेटचं तर कामच असं: लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची सर्टिफिकेटं वर्षानुवर्षं ९० दिवसांच्या मुदतीची निघत आली आहेत, म्हणजे ती आपोआप बदलतच राहतात.

मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांची साइट आमच्याकडे आली तेव्हा त्यांच्या एचटीअ‍ॅक्सेसमध्ये जुन्या पत्त्यांचे शेकडो नियम होते. कुठल्या तरी प्लगइनने अपडेट होताना ती फाइल नव्याने लिहिली आणि सगळे नियम उडाले. साइटचं मुखपृष्ठ व्यवस्थित उघडत होतं, म्हणून तीन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग परराज्यातली जुनी गिऱ्हाइकं सांगू लागली की सेव्ह करून ठेवलेली लिंक उघडत नाही. त्यांच्याकडे बॅकअप होता, पण शेवटच्या सात दिवसांचाच. सातही प्रती बिघडलेल्या फाइलीच्या.

म्हणून रोजची प्रत महिनाभर आणि महिन्याची एक प्रत वर्षभर ठेवा, असं आमचं सांगणं असतं. जागेची चिंता करू नका. एका साधारण साइटच्या सगळ्या कॉन्फिग फाइली दाबून बांधल्या तर एका मोबाइल फोटोपेक्षाही कमी जागा लागते.

आपोआप म्हणजे नेमकं काय करायचं?

लिनक्सच्या सर्व्हरवर क्रॉन नावाचा रखवालदार असतो. त्याला वेळ आणि काम सांगून ठेवलं की तो ठरल्या वेळी ते करतो. आपलं काम एवढंच: फाइली गोळा करणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, लिहायची आणि ती क्रॉनच्या हाती द्यायची.

स्क्रिप्टमध्ये काय असावं? आधी कुठल्या कुठल्या फाइली घ्यायच्या त्याची यादी. मग टार या आज्ञेने त्या सगळ्यांचं एक गाठोडं, नावात तारीख. मग ते कुलूपबंद करणं. मग दुसरीकडे पाठवणं. आणि अगदी शेवटी जुन्या प्रती पुसणं. हा क्रम बदलू नका. नवी प्रत पोचली याची खात्री झाल्यावरच जुनीला हात लावायचा. आधी पुसून मग पाठवणाऱ्या स्क्रिप्ट आम्ही पाहिल्या आहेत. पाठवणं बंद पडलं तरी त्या इमानेइतबारे रोज पुसत राहतात आणि महिन्याभरात कपाट रिकामं होतं. कुठल्याही पायरीवर चूक झाली तर स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे, ही ओळ सुरुवातीलाच लिहावी.

आता क्रॉनच्या दोन-तीन खोडी, ज्यांच्यात नवशिके दिवस घालवतात. क्रॉनची ओळ मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशा पाच खणांची असते. बऱ्याच सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. तुम्ही रात्री दोन म्हणून तासाच्या खणात २ लिहिलंत, तर काम होईल सकाळी साडेसातला. रात्री दोनलाच हवं असेल तर मिनिटाला ३० आणि तासाला २० लिहा, पुढे तीन तारका. (घड्याळ कुठल्या वेळेवर आहे ते आधी बघा. सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला असेल तर हा हिशेब लागत नाही.)

दुसरी खोडी टक्क्याच्या चिन्हाची. फाइलीच्या नावात तारीख घालायला हे चिन्ह लागतं. टर्मिनलवर आज्ञा बिनचूक चालते, आणि तीच क्रॉनच्या ओळीत टाकली की चालत नाही, कारण क्रॉन त्या चिन्हाशी ओळ तोडतो. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली की प्रश्न सुटतो, पण त्यापेक्षा सगळं स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता देणं बरं. पूर्ण पत्ता म्हणजे पूर्णच. लॉगिन केल्यावर सर्व्हरला जे रस्ते माहीत असतात ते क्रॉनला माहीत नसतात.

आमचं शेअर्ड होस्टिंग आहे, सीपॅनेलवालं. तिथे जमतं का?

एकच सर्व्हर अनेकांनी वाटून घेतलेला असला तरी जमतं. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण पानावर क्रॉन जॉब्स हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो आणि वरची पद्धत तिथेही चालते. इटीसी फोल्डर तुमच्या हातात नसतं, पण ते सांभाळणं तिथे होस्टिंगवाल्यांचं काम आहे.

सीपॅनेलचा फुल बॅकअप घेऊन निर्धास्त बसलेल्यांसाठी मात्र एक सूचना. तो फुल बॅकअप तुम्हाला स्वतःला परत चढवता येत नाही, होस्टिंग कंपनीकडून चढवून घ्यावा लागतो. घर बदलताना तो उपयोगी. सकाळी नऊला एक फाइल हवी असते तेव्हा कॉन्फिग फाइलींचं वेगळं छोटं गाठोडंच कामाला येतं.

बॅकअप कुठे ठेवायचा? ऑफिसातली हार्ड डिस्क चालेल?

चालेल, पण एकटी नको. जुना नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. कोल्हापूरकराला हा नियम पटवून द्यावा लागू नये.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलं. शाहूपुरीत तळमजल्यावर दुकान असलेल्या आमच्या एका ग्राहकांनी २०१९ च्या आधी मोठ्या शिस्तीने दर शनिवारी साइटची प्रत एका हार्ड डिस्कवर घेतली होती. डिस्क टेबलाच्या सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमध्ये. पाणी उतरल्यावर ड्रॉवर फुगून घट्ट बसला होता, लोखंडी पट्टीने उचकटावा लागला. आत डिस्कचं खोकं होतं आणि खोक्यात गाळ. साइट मात्र मुंबईतल्या सर्व्हरवर कोरडी ठणठणीत होती, एक मिनिटही बंद पडली नाही. त्यामुळे दुकान सावरायच्या धांदलीत नवी प्रत घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही. मग ऐन दिवाळीत डब्ल्यूपी-कॉन्फिग बिघडली आणि जुनी प्रत कुठेच नव्हती. मी ती फाइल हाताने पुन्हा लिहिली. टेबलांच्या नावाआधीची अक्षरं डेटाबेसमध्ये बघून काढली, पासवर्ड नवा केला, आणि कुणीतरी कधीतरी घातलेल्या पेमेंटच्या दोन ओळी शोधण्यात पाडव्याची रात्र गेली. ती रात्र मी विसरलेलो नाही, आणि हे पान लिहायचं खरं कारण तीच आहे.

तेव्हा एक प्रत सर्व्हरवर, एक तुमच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर, आणि एक दुसऱ्या शहरातल्या क्लाउडवर. गुगल ड्राइव्हचं मोफत १५ जीबीचं खातंसुद्धा या कामाला भरपूर होतं. आरक्लोन नावाचं मोफत साधन क्रॉनच्या हाती दिलं की रात्री आपोआप तिकडे प्रत पाठवतं. क्लाउडचं खातं साइटच्याच होस्टिंग कंपनीचं नको.

अजून एक बारकावा, जो आम्ही आता सगळीकडे पाळतो. शक्य असेल तिथे सर्व्हरने प्रत पाठवण्याऐवजी दुसऱ्या मशीनने येऊन ती ओढून न्यावी. सर्व्हरकडे क्लाउडची चावी असली, तर सर्व्हरमध्ये घुसलेल्या चोराकडेही ती जाते आणि तो बॅकअप आधी पुसतो. ओढून नेणाऱ्या मशीनची चावी सर्व्हरवर नसतेच.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवली तर?

नको. डेटाबेसचा पासवर्ड उघडा असलेली फाइल आहे ती. आणि त्यात आपोआप असं काहीच नाही.

म्हणजे बॅकअपच चोरीला गेला तर पंचाईतच की?

हो, आणि ही भीती रास्त आहे. कॉन्फिगची प्रत म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा. ती कुलूपबंद करूनच बाहेर पाठवायची. रेस्टिक नावाचं मोफत साधन प्रत्येक प्रत कुलूपबंद करूनच ठेवतं, दुसरा पर्यायच देत नाही. फक्त त्याचा पासवर्ड हरवला तर जगात कुणीही ती प्रत उघडून देऊ शकत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा. मालकाला आणि आणखी एका विश्वासू माणसाला पाकीट कुठे आहे ते माहीत असू द्या. साइट करून देणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, हे आपल्याकडे फार होतं.

याहून मोठी चूक मात्र लोक साइटच्या फोल्डरमध्येच करतात. फाइलीत बदल करण्याआधी सावधगिरी म्हणून तिथेच एक प्रत करायची आणि नावाच्या शेवटी जुनी, बॅक किंवा १ असं काहीतरी जोडायचं. मूळ फाइल पीएचपीची असल्याने सर्व्हर ती चालवतो, दाखवत नाही. नाव बदललेली प्रत मात्र तो साधा मजकूर समजून विचारणाऱ्याला पूर्ण वाचायला देतो, पासवर्डासकट. अशी नावं एकामागून एक विचारत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात. तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ते रोज दिसतील. आज हे पान वाचून एकच काम करायचं असेल तर पब्लिक एचटीएमएल, म्हणजे साइटचं मुख्य फोल्डर उघडा आणि अशा प्रती तिथून हलवा. अशी प्रत सापडली तर डेटाबेसचा पासवर्डही लगेच बदला, ती कुणी वाचली नसेल असं धरून चालू नका. गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेल्याचं दिसलं, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवावं लागतं.

गिट वापरावं का?

गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. स्वतःचा सर्व्हर असेल तर जरूर. साध्या गाठोड्यातून कळतं की काल फाइल कशी होती. गिट सांगतं की कुठली ओळ, कुठल्या तारखेला, कुणी बदलली. गूळ व्यापाऱ्यांच्या प्रकरणात गिट असतं तर नियम कुठल्या रात्री उडाले ते एका आज्ञेत दिसलं असतं. इटीसी फोल्डरसाठी इटीसीकीपर नावाचं तयार साधन आहे. गिट स्वतःहून फाइलीचा मालक आणि बारीकसारीक परवानग्या लक्षात ठेवत नाही, इटीसीकीपर तीही नोंद ठेवतं.

एक पथ्य पाळा. पासवर्ड असलेली फाइल सार्वजनिक रेपॉझिटरीत, म्हणजे कुणालाही दिसणाऱ्या गिटच्या साठ्यात, एकदा जरी गेली, तरी नंतर पुसून उपयोग नसतो, जुन्या इतिहासात ती राहते. पासवर्ड बदलणं हाच उपाय.

बॅकअप खरोखर होतोय हे कसं कळणार?

या प्रश्नासाठी मी वेगळा वेळ मागून घेतो, कारण आपोआप चालणारी गोष्ट आपोआपच बंदही पडते आणि कुणाला सांगत नाही.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअपच्या एकाहून अधिक पद्धती त्यांच्याकडे होत्या. शोधायला गेले तेव्हा रोजचा बॅकअप जिथे असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी होती आणि डेटाबेसची नवी, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे मेलही निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी एकाने योगायोगाने सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. कंपनीने हे सगळं स्वतःहून जगाला सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जगभर नावाजलेल्या कंपनीत हे घडतं, तर आपल्या दोन माणसांच्या ऑफिसात का घडणार नाही?

तेव्हा बिघडलं तर मेल येईल यावर विसंबू नका. उलटं करा. स्क्रिप्ट यशस्वी झाली की तिने बाहेरच्या एखाद्या सेवेला एक हाक द्यायची, आणि ठरल्या वेळेत हाक आली नाही तर त्या सेवेने तुम्हाला उठवायचं. हेल्थचेक्स नावाची सेवा हेच करते. मग सर्व्हर बंद पडो, क्रॉन बंद पडो की मेल अडको, गप्प बसणं हीच तक्रार ठरते.

शिवाय गाठोड्याचा आकार बघा. आमच्या एका ग्राहकाची प्रत रोज १८० केबीच्या आसपास यायची. एक दिवस ती एका केबीच्याही आत आली. फोल्डरचं नाव बदललं होतं आणि टार रिकामं गाठोडं बांधत होता. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये एक ओळ असते: कालच्या निम्म्याहून लहान प्रत आली तर यशाची हाक देऊ नको.

परत आणायचा सराव करायला हवा का?

हवा. वर्षातून दोनदा तरी. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी खोल्या देणाऱ्या आमच्या ग्राहकांकडे आम्ही तो नवरात्राच्या महिनाभर आधी करतो, कारण त्या नऊ दिवसांत शिकायला वेळ नसतो.

सराव चालू साइटवर करू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा सबडोमेनवर करा. घड्याळ लावा. क्लाउडवरून प्रत उतरवा, पाकिटातल्या पासवर्डने उघडा, हवी ती एकच फाइल बाहेर काढा. पहिल्या सरावात बहुतेकांचा वेळ फाइल ठेवण्यात जात नाही, क्लाउडच्या खात्यात लॉगिन करण्यात जातो: ओटीपी कुणाच्या तरी जुन्या नंबरवर जात असतो. हे सरावातच कळलेलं बरं.

खऱ्या प्रसंगी आधी बिघडलेल्या फाइलीची प्रत साइटच्या फोल्डरबाहेर ठेवून द्या, नंतर कारण शोधायला लागते. मग जुनी फाइल आणून तिची परवानगी तपासा. अपाचे किंवा एन्जिनएक्सची फाइल असेल तर सर्व्हरला ती नव्याने वाचायला सांगण्याआधी त्यांची तपासणीची आज्ञा चालवा, चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासह दाखवते. आणि एक नेहमीचा सापळा: मधल्या काळात कुणी डेटाबेसचा पासवर्ड बदलला असेल, तर जुन्या प्रतीत जुनाच पासवर्ड येतो आणि साइट वेगळ्या कारणाने बंद राहते. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी हाताने एक प्रत घ्यायची, ही सवय लावून घ्या.

डेटाबेसचाही यातच घ्यायचा का?

वेगळा घ्या. तो मोठा असतो आणि सारखा बदलतो. पण कॉन्फिग आणि डेटाबेस यांच्या प्रती एकाच रात्रीच्या असाव्यात, म्हणजे दोन्ही एकमेकांना ओळखतात.

डीएनएसची सेटिंग कुठल्या फाइलीत असते?

डीएनएस म्हणजे साइटचं नाव टाकलं की कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारी नोंदवही. तिची सेटिंग तुमच्या सर्व्हरवर बहुधा नसतेच, डोमेन किंवा डीएनएस सांभाळणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये असते, म्हणून सगळ्यांच्या नजरेआड राहते. साइटचा पत्ता कुणालाही शोधून काढता येतो, पण मेल कुठे जायचे ते सांगणाऱ्या नोंदी आणि आपले मेल खरे आहेत हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमच्या लांब नोंदी कुणाच्याच तोंडपाठ नसतात. पॅनेलमध्ये झोन फाइल उतरवून घ्यायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर स्क्रीनशॉट घेऊन गाठोड्याशेजारी ठेवा. हे एक काम वर्षातून दोनदा हाताने केलं तरी चालतं.

खर्च किती येतो?

वर सांगितलेली साधनं मोफत आहेत. हेल्थचेक्ससारख्या सेवेची मोफत पातळी एका दुकानाला पुरते. लागते ती जाणत्या माणसाची एक दुपार, आणि पुढे वर्षातून सरावाचे दोन तास.

साइट आत्ता बंद आहे आणि आमच्याकडे बॅकअप नाही. काय करू?

सगळ्यांत आधी काहीही पुसू नका आणि वर्डप्रेस नव्याने बसवू नका. नव्याने बसवण्याच्या नादात चांगला डेटाबेस पुसून बसलेले लोक आमच्याकडे आले आहेत. होस्टिंगवाल्यांना फोन करून त्यांच्याकडची सगळ्यांत जुनी उपलब्ध प्रत कुठल्या तारखेची आहे ते विचारा आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये मागा, चालू साइटवर चढवू नका म्हणून स्पष्ट सांगा. रोज एक प्रत गळत असते, म्हणून हा फोन उद्यावर टाकू नका.

मग साइट ज्यांनी बनवली त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर शोधा. फाइलझिलासारख्या साधनाने (सर्व्हरवरच्या फाइली उतरवायच्या प्रोग्रॅमने) त्यांनी कधी फाइल उतरवली असेल तर ती तिथल्या एखाद्या फोल्डरमध्ये सापडू शकते. काहीच मिळालं नाही तर वर्डप्रेसबरोबर येणारी डब्ल्यूपी-कॉन्फिगची नमुना फाइल घ्या. डेटाबेसचं नाव आणि युजर सीपॅनेलच्या डेटाबेस विभागात दिसतात. टेबलांआधीची अक्षरं डेटाबेस बघायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन हे साधन उघडून टेबलांच्या नावांवरून घ्या. पासवर्ड नवा ठेवा. लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या त्या आठ लांबलचक ओळी नव्या बनवल्या तरी बिघडत नाही, फक्त सगळ्यांना पुन्हा एकदा लॉगिन करावं लागतं. एचटीअ‍ॅक्सेस नसेल तर डॅशबोर्डमधल्या पर्मालिंक सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा, सर्व्हर अपाचे असेल आणि लिहायची परवानगी असेल तर वर्डप्रेस तिचा मूळ भाग स्वतः लिहितं. तुमचे स्वतःचे नियम मात्र त्यात नसतील, ते सर्व्हरच्या लॉगमधले न सापडलेले पत्ते बघून एकेक करून घालावे लागतात.

साइट उभी राहिली की फोन ठेवण्याआधी तिथल्या तिथे या फाइलींची एक प्रत घ्या. स्क्रिप्ट संध्याकाळी लावू.